उरलेल्या पावाचं काय करायचं?

(महासंघाच्या वार्षिक सभेत भट्टी गटाच्या अध्यक्षताईंनी केलेलं भाषण)



लेकीच्या बाळंतपणाला मी दोन महिने हाँगकाँगला होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "काय बघितलं?" उंच इमारती बघितल्याच. पण मी रोज सकाळी जाऊन उभी राहायचे ती शाम शुई पो नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका लहानशा बेकरीपुढं.

दुकान आपल्या रेशन दुकानाएवढंच. मागं भट्टी, पुढं काच. गिऱ्हाइकानं ट्रे आणि चिमटा घ्यायचा, हवं ते उचलायचं आणि गल्ल्यावर द्यायचं. गल्ल्यावर बसलेली बाई माझ्याच वयाची. लेकीला तिथली कँटोनीज भाषा थोडी येते, तिच्यामार्फत आम्ही बोलायचो. मी माळकरी, आणि तिथं अंडं घालतातच, बऱ्याच पदार्थांत डुकराची चरबीपण असते. म्हणून खाल्लं काहीच नाही, विचारलं मात्र सगळं!

तिथला 'बोलो बाव' म्हणजे अननस पाव. त्यात अननस अजिबात नसतो. वर साखर, मैदा, अंडं आणि तुपासारख्या चरबीचा थर देतात. भाजल्यावर तो तडकतो आणि अननसाच्या सालीसारखा दिसतो, म्हणून ते नाव. हा पाव करायची कला 2014 साली तिथल्या सरकारनं वारशाच्या यादीत घेतली. दुसरा 'बायको केक', खारीसारखे पदर आणि आत गोड कोहळा. आपल्या कोहळ्याला तिथं एवढा मान!

पण माझं लक्ष गेलं ते तिसऱ्या पावाकडं. त्याला कॉकटेल बन म्हणतात. 1950 च्या दशकातली गोष्ट सांगतात. न खपलेले पाव टाकून द्यायला बेकरीवाल्यांचा जीव होईना. मग त्यांनी ते कुटून, त्यात साखर आणि खोबरं घालून नव्या पावात सारण भरलं. आता ते सारण मुद्दाम ताजं करतात, इतका तो पाव लोकांच्या आवडीचा झाला.

हे ऐकलं आणि मला आपली भट्टी आठवली. बाजार उठल्यावर उरलेली खारी कुणी न्यायची, तोटा कुणाच्या नावावर टाकायचा, यावरून आपली भांडणं झाली. दोघी गट सोडून गेल्या. मागच्या बैठकीत तर भट्टी बंद करायचा विषय निघाला. खरं सांगते, मीपण मनातून तयार झाले होते.

मग त्या बाईनं एक रीत सांगितली. तिथं भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमाराला मोठा सण असतो, तेव्हा मूनकेक खातात. पूर्वी घरोघरच्या बाया वर्षभर दर महिन्याला बेकरीत थोडे पैसे भरायच्या आणि सणाला डबे न्यायच्या. म्हणजे आपली भिशीच की! बेकरीवाल्याला आधीच कळायचं, माल किती करायचा.

पण यात धोकापण आहे. 1997 साली तिथं एका मोठ्या केक कंपनीबद्दल अफवा उठली. लोक आधी विकत घेतलेली कुपनं घेऊन दुकानांपुढं रांगा लावून उभे राहिले. लोकांचा पैसा आधी घेतला की विश्वास सांभाळावा लागतो.

म्हणून आज मी तीन गोष्टी मांडते. एक, दिवाळी फराळाची भिशी सुरू करू. महिना 100 रुपये, दहा महिने, म्हणजे 1000 रुपयांचा फराळ. दोन, तो पैसा गटाच्या खात्यातच राहील, वही वेगळी, प्रत्येकीला पावती, आणि दर बैठकीत हिशेब वाचायचा. तीन, त्याच दिवशी उरलेल्या चांगल्या मालाचा नवा पदार्थ करून बघू. शिळं मात्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात कधी मारायचं नाही.

आणि गेलेल्या त्या दोघींच्या घरी मी उद्या स्वतः जाणार आहे. तोटा सगळ्यांचा होता, तो दोघींच्या डोक्यावर टाकला ही चूक आपली. माझ्याबरोबर कोण येणार, हात वर करा.