रेफर केलेल्या बाईचं पुढे काय झालं?



१९४२ साली शिरीषकुमार मेहता आणि त्याचे कोवळ्या वयाचे सोबती तिरंगा घेऊन गोळ्यांना सामोरे गेले, ते हे नंदुरबार. शहरात येताना रस्त्यालगत वाळत घातलेल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. उत्तरेला सातपुडा आहे आणि त्याच्या पलीकडे नर्मदा. तिथल्या काही पाड्यांवर आजही बाजेवर किंवा झोळीत घालूनच माणसाला गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातली ६९ माणसं आदिवासी आहेत. घरी भिली किंवा पावरी बोलणारी बाई प्रसूतीच्या कळा सोसत असताना मराठीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देते. ग्रामीण रुग्णालयांची कामगिरी कशी मोजावी, यावर या परिषदेत बोलायला ही जागा योग्य आहे असं मला वाटतं.

केंद्र सरकारच्या कागदांत ज्याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात, ते आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. खाटा ३०. सपाटीवर १ लाख २० हजार लोकांमागे एक आणि डोंगराळ-आदिवासी भागात ८० हजारांमागे एक, असं प्रमाण. तिथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ असावेत, भूल देणारा डॉक्टर असावा, ही अपेक्षा. प्रत्यक्षात २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशभरच्या अशा केंद्रांमध्ये तज्ज्ञांची तूट जवळजवळ ८० टक्के होती. भूलतज्ज्ञच नाही, तिथे सिझेरियन किती झाली हे विचारून कामगिरी कळत नाही, रिकामी जागा कळते. त्यामुळे गुण देताना हाताशी कोण होतं, हे त्याच पानावर लिहिलेलं असावं, ही माझी पहिली विनंती.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझं बहुतेक आयुष्य रेफर झालेल्या बायका तपासण्यात गेलं. गाडी थांबते, बाई आत येते, सोबत सासू किंवा नवरा आणि हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर मी आधी बीपी शोधते. मग कळा कधी सुरू झाल्या, झटके आले का, झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट दिलं असेल तर किती वाजता. हे नीट लिहिलेलं असलं की माझे हात लगेच कामाला लागतात. पण ‘पुढील उपचारांसाठी रेफर’ एवढीच ओळ असली, तर मौल्यवान वेळ पुन्हा पहिल्यापासून विचारपूस करण्यात जातो. आणि ज्या सिस्टरने रात्री दोन वाजता ती गाडी रवाना केली, तिला त्या बाईचं पुढे काय झालं हे बहुधा कधीच कळत नाही. उलट निरोप जायची वाटच नाही.

आता महिनाअखेरचा अहवाल डोळ्यांसमोर आणा. ओपीडी किती, आयपीडी किती, प्रसूती किती, रेफर किती. माता मृत्यूच्या रकान्यात शून्य. ते शून्य खरं असतं, कुणी खोटं लिहिलेलं नसतं. पण ती बाई जिल्हा रुग्णालयात पोहोचून दगावली, तर मृत्यूच्या जागेनुसार होणाऱ्या नोंदीत हा मृत्यू जिल्हा रुग्णालयाचा. याचा परिणाम फार वाईट होतो. एक डॉक्टर अवघड केस हाती घेतो, रक्तस्राव थांबवायची धडपड करतो, आणि दहांतली एखादी बाई हातून जाते. दुसरा जरा शंका आली की गाडी बोलावतो. आढावा बैठकीत पहिल्याला उभं करून प्रश्न विचारतात, दुसऱ्याचा तक्ता स्वच्छ असतो. जी मोजणी हिंमत करणाऱ्याला खाली दाखवते, ती हळूहळू सगळ्या तालुक्याला ‘पुढे पाठवा’ शिकवते. मला याचा राग येतो, आणि तो राग मी इथे लपवणार नाही.

राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं २०१३ पासून आहेत, त्यांनी पुष्कळ चांगलं केलं. प्रसूतिगृहात पडदा आला, हात धुण्याची जागा आली, ट्रेमध्ये औषधं सापडू लागली. या मानकांत रेफरचं प्रमाण मोजतात, सल्ला न मानता घरी गेलेले रुग्ण मोजतात. रेफर केलेल्या रुग्णाच्या पाठपुराव्याचा उल्लेखही तपासणी-सूचीत आहे. पण तपासायला येणाऱ्याला रजिस्टरमधली एक नोंद दिसली की त्या ओळीपुढे खूण होते. त्या नोंदीतून रुग्णालयाने काय शिकून घेतलं, हे कुणी विचारत नाही.

प्रसूतींच्या आकड्याबद्दलही असंच म्हणावं लागेल. देशात दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ८९ च्या घरात गेलं. ही मोठी मजल आहे. पण बाई दारातून आत आली, एवढंच या आकड्यातून कळतं. आत तिला काय मिळालं, हे वेगळं मोजावं लागतं.

आमच्या जिल्ह्याची आणखी एक अडचण बाहेरून आलेल्यांना चटकन लक्षात येत नाही. दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. गरोदर बाईची नोंद इथे झालेली असते, पहिल्या तपासण्या इथल्या एएनएम ताईने, म्हणजे आरोग्यसेविकेने, केलेल्या असतात, आणि बाळ जन्मतं बारडोलीकडे उसाच्या फडाशेजारी किंवा तिथल्या दवाखान्यात. आमच्या तक्त्यात ती ‘पाठपुरावा नाही’ होते. ताईचे गुण कापले जातात. खरं तर त्या ताईने तिचा फोन नंबर घेऊन ठेवलेला असतो, मुकादमाकडे निरोपही धाडलेला असतो. या कामाला कुठल्याच रकान्यात जागा नाही.

मोजणीवर माझी श्रद्धा आहे, म्हणून हे बोलते आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावचे जन्म आणि मृत्यू आधी नीट मोजले. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी दाखवून दिलं की तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाला. आज आशा ताई घरी जाऊन बाळ बघतात, त्याचं मूळ त्या मोजणीत आहे. दुसरं उदाहरण आमच्या जवळचं. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. डॉक्टर वेळेवर असतात का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, पैसे मागतात का, हे गावकऱ्यांनी विचारलं आणि प्रगतिपत्रकावर हिरवा, पिवळा, लाल रंग भरला. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो मांडला. कुठलंही पोर्टल विचारत नाही ते प्रश्न या गावकऱ्यांनी विचारले. लिहिता न येणाऱ्या बाईलाही आपल्या दवाखान्याचा रंग वाचता येत होता.

या दोन दिवसांत परिषदेने एका गोष्टीवर ठराव करावा, असं मी सुचवते. रेफर झालेल्या प्रत्येक बाईची आणि नवजात बाळाची उलट चिठ्ठी सात दिवसांत पाठवणाऱ्या रुग्णालयाकडे गेली पाहिजे. बाई कशी आहे, निदान काय निघालं, आधी काय करता आलं असतं, एवढं त्यात पुरे. खासगी दवाखान्यांनीही ती द्यावी, मी माझ्यापासून सुरुवात करायला तयार आहे. महिन्यातून एकदा अधीक्षक, सिस्टर आणि एएनएम यांनी बसून त्या चिठ्ठ्या वाचाव्यात, आणि मासिक अहवालात त्यांचा रकाना असावा. त्या आधारावर कुणालाही कारणे दाखवा नोटीस मात्र जाऊ नये. नोटिशीची भीती शिरली की चिठ्ठ्या येणं बंद होईल आणि आपण पुन्हा त्या शून्यावर येऊ.

पहिल्या सत्रात धडगाव आणि अक्कलकुवा भागातल्या एएनएम ताई बोलणार आहेत. पावरीत बोलणं ज्यांना सोयीचं वाटेल त्यांनी पावरीत बोलावं, मराठीत सांगायला माणसं बसलेली आहेत. अधिकारी मंडळींनी त्या सत्राला शेवटपर्यंत थांबावं, अशी आग्रहाची विनंती करते आणि अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत असं सांगून माझ्या जागेवर बसते.