वैद्यकीय विद्यार्थ्यांची झोप आणि मनःस्वास्थ्य

वैद्यकीय शिक्षणात जागरणाला पूर्वापार मान आहे. रात्रभर जागून सकाळी वॉर्डात हजर होणारा विद्यार्थी कौतुकास पात्र ठरतो आणि वेळेवर झोपणाऱ्याच्या अभ्यासाविषयी शंका घेतली जाते. या समजुतीची किंमत किती मोठी आहे, हे कोविड-१९ च्या महासाथीत प्रकर्षाने दिसून आले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. वसतिगृहे रिकामी होऊन बहुसंख्य विद्यार्थी आपापल्या गावी परतले. शवविच्छेदन कक्ष आणि रुग्णाची खाट यांच्या सान्निध्यात व्हावयाचे शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. सकाळचा तास, वॉर्डातील फेरी, भोजनगृहाची वेळ या साऱ्यांनी दिवसाला जो आकार दिला होता, तो नाहीसा झाला. पुष्कळांच्या झोपेचे तास कमी झाले नव्हते. काहींचे तर वाढले होते. तथापि झोपेची घडी मात्र विस्कटली.

याचे कारण शरीराच्या अंतर्गत घड्याळात आहे. या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळचा सूर्यप्रकाश हे घड्याळ दररोज जुळवून घेतो. रात्रीचा प्रखर प्रकाश ते मागे रेटतो आणि झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते. उशिरापर्यंत पडद्यासमोर बसणे, साथीच्या बातम्या वाचत राहणे, दुपारी दीर्घ झोप घेणे आणि दिवसभर घरातच राहणे, या चारही गोष्टी त्या काळात एकत्र आल्या. झोपेचा दर्जा मोजण्यासाठी १९८९ पासून वापरात असलेल्या पिट्सबर्ग निर्देशांकात म्हणूनच केवळ तास मोजले जात नाहीत. झोप लागण्यास लागणारा वेळ, मध्येच येणारी जाग, दिवसा जाणवणारी मरगळ अशा एकूण सात अंगांचा त्यात विचार होतो.

आंतरवासी आणि निवासी डॉक्टरांची अवस्था वेगळी होती. संरक्षक पोशाखातील दीर्घ पाळ्या, रात्रपाळीनंतर दिवसा घ्यावी लागणारी झोप आणि आपल्यामुळे घरच्यांना संसर्ग होईल ही धास्ती, असा तिहेरी भार त्यांच्यावर होता. त्यात अनिश्चिततेची भर पडली. पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा १८ एप्रिल २०२१ रोजी व्हावयाची होती. ती पुढे ढकलली जाऊन अखेर ११ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. दरम्यान, ३ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांनाही अध्यापकांच्या देखरेखीखाली सौम्य रुग्णांच्या सेवेत घेण्यास अनुमती दिली. एकीकडे सेवा आणि दुसरीकडे लांबणारी परीक्षा, अशा कोंडीत अनेकांची उमेदीची वर्षे गेली.

झोप आणि मन यांचा संबंध दुहेरी आहे. चिंतेने झोप उडते आणि झोप उडाल्याने चिंता वाढते. सतत अपुरी झोप मिळाल्यास चिडचिड, विस्मरण आणि निराशा बळावते. स्मरणशक्ती पक्की होण्याचे कार्यही झोपेतच चालते. म्हणजे ज्या अभ्यासासाठी जागरण करावयाचे, त्याचेच त्यामुळे नुकसान होते. शिवाय थकलेल्या डॉक्टराच्या हातून औषधाची मात्रा चुकली, तर ते रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

साथ ओसरली, तरी प्रश्न ओसरलेला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपणांस मानसिक विकार असल्याचे नमूद केले. पाहणीतील सहभाग ऐच्छिक असल्याने हे प्रमाण सरसकट सर्वांना लावता येणार नाही. पण ते दुर्लक्षिण्याजोगेही नाही. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्यास ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, साप्ताहिक सुटी मिळावी आणि दररोज सात ते आठ तास झोप मिळावी, अशा शिफारशी या कृतिदलाने केल्या आहेत.

या शिफारशी कागदावर राहू नयेत, ही जबाबदारी प्रथम अधिष्ठाता आणि विभागप्रमुख यांची आहे. पाळ्यांचे वेळापत्रक आखताना विश्रांतीचे तास आधी धरावेत. समुपदेशकाकडे गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव गुप्त राहील, याची हमी असावी; कारण ‘डॉक्टर होणारा स्वतःच आजारी’ या टोमण्याच्या भीतीने अनेकजण मदत टाळतात. शिक्षकांनी जागरणाचे कौतुक थांबवावे. गावातून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींविषयी गावाला अभिमान असतो. परंतु त्या अभिमानाचे ओझे होऊ नये, याची काळजी पालकांनी आणि पंचायत सदस्यांनीही घ्यावी. सुटीत घरी आलेला विद्यार्थी गुणांविषयीच्या प्रश्नांना टाळू लागला, रात्र रात्र जागू लागला, तर त्यास उपदेश करण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिणे कोणत्याही गावाला सहज शक्य आहे.

याच विद्यार्थ्यांतून उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना वैद्यकीय अधिकारी मिळणार आहेत. पुढची साथ केव्हा येईल, हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा रुग्णाच्या उशाशी उभा राहणारा डॉक्टर ताजातवाना आणि मनाने खंबीर असावा, याची तजवीज मात्र आजपासून करता येते.