भरपाईचा दुसरा दरवाजा



दिवाळी आटोपली की नंदुरबार जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसे कोयता घेऊन सुरत, बारडोलीकडे ऊसतोडीला निघतात. कुणी बांधकामावर जाते, कुणी कारखान्यात. रनाळे काय किंवा धडगावचा एखादा पाडा काय, परत येताना कुणाचा तरी हात प्लॅस्टरमध्ये असतो. कुणी परत येतच नाही.

अशा वेळी गावात एकच शब्द ऐकू येतो, 'नुकसानभरपाई'. म्हणजे मालकाकडून मिळणारी. १९२३ सालच्या कायद्याने ती मिळू लागली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. तिचा मोठा गुण असा की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना अपघात झाला, एवढे पुरते. पण हा एकच दरवाजा नाही, आणि पुष्कळदा तो सर्वांत मोठाही नसतो. आज मला बोलायचे आहे ते दुसऱ्या दरवाजांबद्दल.

एक उदाहरण घेऊ. समजा, रनाळ्याचा २८ वर्षांचा तरुण. महिना १२ हजार मजुरी. घरी बायको, दोन मुले, म्हातारी आई. मुकादमाच्या पिकअपमधून कामावर जाताना समोरून भरधाव ट्रक आला आणि तो दगावला. मालकाकडून भरपाईचा हिशेब असा: निम्मी मजुरी ६ हजार, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या २११.७९ या आकड्याने गुणायचे. होतात १२ लाख ७० हजार ७४० रुपये.

आता हाच दावा ट्रकचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात नेला तर? तिथे पुढे वाढणारी कमाईही धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या पद्धतीने १२ हजारांत ४० टक्के मिळवायचे, म्हणजे १६,८००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की उरतात १२,६००. गुणिले १२ महिने, गुणिले १७. उत्तर येते २५ लाख ७० हजार ४०० रुपये. अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळीच. जवळजवळ दुप्पट!

मग सगळ्यांनी तिकडेच जावे का? थांबा. तिथे ट्रकवाल्याची चूक दाखवावी लागते. म्हणून एफआयआर, पंचनामा, गाडीचा नंबर, दवाखान्याचे कागद हे पहिल्या दिवसापासून जपायला हवेत. चूक दाखवता येत नसेल, तर २०२२ पासून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरावीक रक्कम मागता येते. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा, नाहीतर मुदतीच्या वादात वर्षे जातात.

आणि मुख्य मेख पुढेच आहे. या एका अपघातासाठी दोन्हीकडे हात पसरता येत नाहीत. मालकाकडची भरपाई किंवा मोटार न्यायाधिकरण, कायदा म्हणतो एकच निवडा. मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावायचा असेल, तरी हीच अट. म्हणून कुणीतरी घाईने लिहून दिलेला अर्ज ठोकून देण्याआधी हिशेब मांडून बघावा. तो दिवस दुःखाचा असतो, हिशेब सुचत नाही, हे मला कळते. पण मुकादमाला मात्र नेमका त्याच दिवशी सुचतो. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवायचे आणि कागदावर अंगठा घ्यायचा! भरपाईचा हक्क सोडून देणारा असला कागद कायद्यापुढे टिकत नाही. अंगठा दिला म्हणून घरी बसू नका.

अपघात गुजरातमध्ये झाला, आता तिकडे कोण खेटे घालणार, ही भीतीही नको. दावेदार जिथे राहतो तिथे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, दावा दाखल करता येतो.

काही वेळा दोषी मालक नसतोच. एक कामगार पावसात कारखान्यातून सायकलवर घरी निघाला. रस्त्यावरच्या पाण्यात पडलेली जिवंत तार त्याला दिसली नाही. मध्य प्रदेशच्या वीज मंडळाने सांगितले, तार तिसऱ्याच कुणीतरी चोरीच्या विजेसाठी टाकली होती. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. वीज खेळवणाऱ्यानेच जबाबदारी घ्यायची, असे ठरले.

नर्मदेपलीकडे आपल्या शेजारचा अलीराजपूर जिल्हा. तिथले आणि झाबुआकडचे आदिवासी गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि फुप्फुसांत धूळ घेऊन आले. सिलिकोसिस. कामावर असल्याचा कागद बहुतेकांकडे नव्हता. संघटनांनी प्रकरण मानवी हक्क आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयात नेले. २०१६ च्या मे महिन्यात न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख देण्याचा आदेश दिला. माणसे गेल्यावर, आणि तेही किती वर्षांनी!

बांधकामावर जाणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी चालू असेल, तर कामावरच्या मृत्यूला वारसांना ५ लाखांचे साहाय्य आहे. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मात्र नोंदणी अपघाताआधीची हवी, आणि तिचे नूतनीकरणही.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न राहतोच. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. नंदुरबारच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. जाणे जमत नसेल तर १५१०० हा दूरध्वनी क्रमांक लावा, आणि बोलताना एफआयआरची प्रत समोर ठेवा.