मास्टरचे संमोहन आणि न ऐकणारी माणसे

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतला मास्टर हा परग्रहवासी खलनायक जानेवारी १९७१ मध्ये ‘टेरर ऑफ द ऑटॉन्स’ या कथेतून पडद्यावर आला. रॉजर डेलगाडो या नटाने त्याला काळी दाढी, रोखलेली नजर आणि संथ, खालच्या पट्टीतला आवाज दिला. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून हुकूम सोडायचा, एवढीच त्याची रीत. प्रेक्षकांच्या लक्षात ते डोळेच राहतात. त्या शक्तीची मर्यादा मात्र विसरली जाते, आणि खरे नाट्य तर तिथेच आहे.

विरजण कोमट दुधालाच लागते. प्लॅस्टिकच्या कारखान्याचा तरुण मालक रेक्स फॅरेल स्वभावाने मऊ. मास्टरचा शब्द त्याच्यात लगेच मुरतो. त्याच्या निवृत्त वडिलांवर तोच प्रयोग होतो, पण तिथे काही लागत नाही. म्हातारा बधत नाही म्हटल्यावर मास्टरला त्याच्या घरी जिवंत होणारी प्लॅस्टिकची बाहुली पाठवून त्याचा जीव घ्यावा लागतो. मालिकेचा नायक डॉक्टर याची सहायक जो ग्रँट याच कथेत संमोहित होऊन बॉम्बची पेटी उघडायला निघते. १९७३ च्या ‘फ्रंटियर इन स्पेस’मध्ये मात्र ती बालगीते म्हणत राहते आणि मास्टर हात टेकतो. दूध तेच, पण आता उकळते. त्यात घातलेले विरजण वाया गेले.

हीच मर्यादा २००५ च्या नाताळ विशेष भागात पुन्हा येते. सायकोरॅक्स हे परग्रहवासी एका रक्तगटाच्या सगळ्या माणसांना छतांच्या कडेवर उभे करतात, पण उडी मारायला लावू शकत नाहीत. जगण्याची ओढ आज्ञेहून बळकट ठरते. 

पण नकार देण्यासाठी हुकूम ऐकू यावा लागतो. २००७ मध्ये जॉन सिम या नटाचा मास्टर नेमके तेच टाळतो. मोबाइलच्या उपग्रहांतून तो ढोलाचा एक ठेका लोकांच्या मनात नकळत उतरवतो आणि ब्रिटनचा पंतप्रधान होतो. २०११ मधले ‘सायलेन्स’ नावाचे जीव याहून पुढचे: त्यांच्यावरची नजर हटली की ते विसरले जातात, पण त्यांचा हुकूम मनात उरतो. डॉक्टर त्यांचेच शस्त्र उलटवतो. त्यांच्यापैकी एकाच्या तोंडचे ‘आम्हाला दिसताक्षणी मारा’ अशा अर्थाचे बोलणे १९६९ च्या चंद्रावतरणाच्या प्रक्षेपणात घुसवले जाते, आणि ते पाहणारे कोट्यवधी लोक नकळत तो हुकूम घेतात.