पाण्याखालचे पळसदेव

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमामाई इंदापूर तालुक्यात येते, तेथे तिच्या काठी पळसदेव वसले होते. गाव आजही आहे; पण पळसनाथाचे जुने देऊळ ज्या जागी उभे आहे, ती जागा १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पोटात गेली. गावकरी वर सरकले, पुणे-सोलापूर रस्त्यालगत नवे गाव झाले, देवाची पिंड नव्या देवळात आली. देऊळ मात्र उचलून आणता आले नाही.

उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांच्या खालचे पाणी. एरवी देवळाचे शिखर तेवढे दिसते. साठा उण्यात गेला की काळ्या पाषाणाच्या भिंती, खांब, वीरगळ उघडे पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. दुष्काळात गुरे चाऱ्यावाचून तडफडतात आणि तेव्हाच देवाचे दर्शन घडते, हा विचित्र योग आहे!

या पाण्याने उसाचे मळे फुलविले, मासेमारीला धंदा दिला, भिगवणला रोहित पक्षी आणले. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण ज्यांच्या जमिनी, घरे, स्मशाने बुडाली त्यांनी ती किंमत मोजली, हेही खरे.

शिखर विटा-चुन्याचे आहे. कधी पाणी, कधी ऊन, वर वाऱ्याच्या लाटा. चुना सुटतो, विटा निखळतात. दगडी भाग त्या मानाने टिकला. होडीतून जाणाऱ्यांनी शिखरावर चढू नये, आठवण म्हणून वीट आणू नये.

देवळाचे काम काढले की फरशी, रंग, देणगीदारांचा फलक यांवर पैसा सहज जमतो. पण १९८० मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचावन्न ओलांडून गेला आहे. वेशीपासून घाटापर्यंतच्या आळ्या, कोणाचे घर कोठे, पालखी कोणत्या बोळातून निघे, हे सांगणारी माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. त्यांच्याकडून जुन्या गावाचा नकाशा काढून घ्यावा. एक वही आणि पेन्सिल पुरेल; पुढचा पाऊस पडण्याच्या आत काम उरकावे.