माळीणनंतर आपण काय बदललं?

(पेठ येथील मेळाव्यात केलेलं भाषण)



पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आज दाव्यांचं बोलणं जरा मागं ठेवतो आणि माळीणचं काढतो. 30 जुलै 2014 ची सकाळ. एस.टी. घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला जागेवर गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. दीडशेच्या आसपास माणसं डोंगराखाली गेली. पुढं 2021 ला महाडकडं तळिये. 2023 ला खालापूरची इर्शाळवाडी, तिथं तर आपले ठाकर भाऊबंद.

आपण सरकारला जाब विचारला. आमड्याला नवं माळीण वसलं, 2017 च्या पहिल्याच पावसात तिथल्या रस्त्यांना भेगा गेल्या, त्याचाही विचारला. विचारायचाच. पण एक गोष्ट आपण टाळली, ती आज आम्ही आमच्याच तोंडानं सांगतो.

तेव्हा काही जण म्हणाले, पडकईनं डोंगर खचला. आपल्याला राग आला. का नाही येणार? पडकई म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पाच-दहा घरांनी मिळून कुदळ-पहारीनं दगड काढायचा, ताल घालायची, भाताचं खाचर बांधायचं. पाणी कुठनं उतरतं ते म्हातारी माणसं आधी बघायची. ही पडकई वाईट नव्हतीच. पण अलीकडं आपण नाव पडकईचं घेतो आणि उतारावर मशीन घालतो. दोन दिवसांत रान सपाट. शेजाऱ्याचा हात नको, म्हाताऱ्याचा सल्ला नको.

आमच्या वाडीचंच सांगतो. वनहक्क समितीतल्या आमच्याच एका माणसानं वरच्या अंगाला मशीन बोलावलं. झऱ्यावर जाणाऱ्या बाया बैठकीत म्हणाल्या, पाणी गढूळ येतंय, वर भेग पडलीय. आम्ही हसण्यावारी नेलं. खोटं कशाला बोलू, बायांच्या सह्या-अंगठे तर आम्ही रजिस्टर घरोघर फिरवून घ्यायचो. कायदा सांगतो की वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव. कागदावर आम्ही सगळं बसवलं होतं, बैठकीत मात्र बाया भिंतीकडेला.

शेवटी एक आजी उठली आणि म्हणाली, "चला वर, दावते." गेलो. भेगेत कोपरापर्यंत हात जात होता.

त्याच दिवशी मशीन थांबवलं. तो माणूस जे बोलला ते अजून टोचतं. "आजवर फॉरेस्टवाला आडवा यायचा, आता तुम्ही?" उत्तर देता येईना. त्याच्या घरची तोंडं खाणारी सात. हिरडा एखाद साली गेला की घरात दाणा नसतो, हे 2020 च्या निसर्ग वादळात आपण भोगलंय. भूक त्याची खरी आणि भेगही खरी.

2006 च्या वनहक्क कायद्यातलं तिसरं कलम आपल्याला तोंडपाठ, कारण त्यात हक्क आहेत. पाचव्या कलमात जंगल, पाणलोट, पाण्याच्या जागा राखायचं ग्रामसभेवर टाकलंय. ते आम्ही नीट वाचलंच नव्हतं. राखायचं म्हणजे आपल्याच माणसाला नाही म्हणायचं, भाऊबंदकी झाली तरी.

मग आठ घरांनी ठरवलं, खाली नदीकडच्या अंगाला त्याला हातानं खाचर बांधून द्यायचं. पंधरा दिवस राबलो. जरा लहानच झालं, पण भात आलं. तो कामाला आला, आमच्यात बसून भाकर खाल्ली. पोराच्या लग्नाला मात्र आम्हाला बोलावलं नाही. असो.

आता काम. पाऊस लागायच्या आत हरेक वाडीनं आपला वरचा उतार चालून बघायचा. भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मधलं अंतर सुतळीनं मोजून तारखेनिशी वहीत लिहा, आठवड्यानं परत मोजा. अंतर वाढलं तर त्याच दिवशी तहसीलदाराला लेखी द्या, पोच घ्या, आणि खालच्या घरातली माणसं हलवा, आधी लेकरं आणि म्हातारी. पावसात झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, तर मोजत बसू नका, निघा. आणि चालताना बायांना पुढं घ्या. झऱ्याचं पाणी रोज त्या बघतात.