श्वानकुळाची आवाजभाषा

रात्री कुत्र्याने गळा काढला की त्याला रडणे म्हणण्याची आणि अशुभाची सूचना मानण्याची रूढी आहे. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा लांबवलेला सूर कुत्र्याला लांडग्याकडून लाभलेला वारसा असून, दुरावलेल्या सोबत्यांशी संपर्क साधणे आणि हद्दीची जाणीव देणे ही त्याची प्रमुख कार्ये आहेत, म्हणूनच रुग्णवाहिकेच्या भोंग्यालाही अनेक कुत्री तशीच साद देतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ यूजीन मॉर्टन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार गुरगुरण्यासारखे खालच्या पट्टीतील खरखरीत आवाज आक्रमकता दर्शवतात, तर कुईकुईसारखे वरच्या पट्टीतील स्वच्छ सूर भीती, शरणागती किंवा जवळीक सुचवतात. भुंकण्याचा अर्थही त्याची पट्टी आणि दोन भुंकण्यांमधील अंतर यांवरून उलगडतो.

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पात याच कुळातील कोळसून, म्हणजे रानकुत्रा, आढळतो. दाट झाडीत पांगलेला कळप पुन्हा एकत्र यावा म्हणून तो चक्क शिटीसारखा आवाज काढतो, कारण सोबती नजरेआड झाल्यावर आवाज हाच त्यांच्यातील दुवा उरतो.

गल्लीतील कुत्र्याची सादही मूलतः अशीच सोबतीची हाक असल्याने, तिला अपशकुन मानून त्या मुक्या जिवाला दगड मारणे सर्वथा अन्यायाचे आहे.